घरातील हवेची ओल आणि सीतेची वेणी

मार्च महिना लागला की संकेश्वरच्या घराघरांतून माठाचे पाणी गोड लागू लागते, पापड एका दुपारच्या उन्हात खडखडीत वाळतात आणि पावसाळ्यात फुगून घट्ट बसलेली दारे चौकटीत सैल होतात. ह्याच दिवसांत दरवर्षी आमच्याकडे कोणी ना कोणी तक्रार घेऊन येते : "फादर, झाडाला रोज पाणी घालतो, तरी ते सुकतंय." कुंडीत बोट घालून पाहावे तो माती ओली असते. मग झाड सुकते कशाने? ह्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी आम्हांसही ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसताना आम्ही घाईने उपाय केला. त्यामुळे एका आजींनी विश्वासाने ठेवावयास दिलेल्या वस्तूची आमच्या हातून निम्मी हानी झाली. ती हकीकत आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण तिच्यात आमच्या फजितीहून अधिक उपयोगाचे असे काही आहे.

आजी मूळच्या आजऱ्याच्या वरच्या अंगाला, आंबोलीकडील रानाच्या कडेला असलेल्या एका वाडीतल्या. पुष्कळ वर्षांपूर्वी एका पावसात त्यांच्या बांधावरचा जुना आंबा उन्मळून पडला. त्याच्या एका फांदीवर सीतेची वेणी वाढलेली होती. आजींच्या घरधन्यांनी तो हातभर लांबीचा ओंडका तोडून आणला व पडवीच्या वाशाला तारेने टांगला. तेव्हापासून दर जूनमध्ये त्या पडवीत फुलांचा घोस लोंबू लागला. पुढे घरधनी जूनमध्येच वारले. त्यानंतर दरवर्षी पहिला घोस त्यांच्या थडग्यावरील क्रुसाला वाहावयाचा, हा आजींचा नेम झाला. वय झाले, वाडीत एकटे राहणे कठीण झाले, तेव्हा मुलाने त्यांना संकेश्वरला आपल्या बिऱ्हाडी आणले. सोबत एक पत्र्याची पेटी आली आणि तो ओंडका आला.

संकेश्वरात दोन जून आले आणि गेले. वेणी काही फुलली नाही. पाने सुरकुतली, मुळे चुन्यासारखी पांढरी पडली. तेव्हा आजी ओंडका घेऊन आमच्याकडे आल्या. "तुमच्याकडं विहीर हाय, सावली हाय. बघा जगतंय का," एवढेच त्या म्हणाल्या.

ज्या वाचकांनी हे फूल पाहिले नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. आपल्या भाषेत झाडांवर वाढणाऱ्या ह्या कुळातील वनस्पतींस अमरी म्हणतात. सीतेची वेणी ही त्यांतलीच एक. पाने जाड व पट्ट्यासारखी असतात. घोस हातभर लांब असून खाली लोंबतो, आणि त्यावर पांढरी, जांभळ्या ठिपक्यांची शंभराच्या आसपास लहान फुले दाटीने बसलेली असतात. आसाम आणि अरुणाचल प्रदेश ह्या दोन्ही राज्यांचे हेच राज्यपुष्प होय. आसामात बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात. हे झाड ज्या वृक्षावर राहते त्याचा रस ते शोषीत नाही. त्याला वृक्षाकडून हवा असतो तो केवळ आधार. अन्नपाणी ते पाऊस, दव आणि सालीवर साचलेला पाचोळा ह्यांतून मिळविते.

एवढे आम्हांस पुस्तकातून माहीत होते. झाड दमट हवेतले, तेव्हा त्याला दमट हवा द्यावी, असा विचार करून आम्ही तो ओंडका सॅक्रिस्तीच्या लहान खोलीत टांगला, कोरडी हवा आत येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली, आणि सकाळ, दुपार व रात्र असे तीन वेळा पिचकारीने पानांवर पाणी फवारू लागलो. पंधरा दिवसांत पाने टवटवीत दिसू लागली व आम्ही मनातून सुखावलो. तिसऱ्या आठवड्यात पानांच्या बेचक्यात काळा डाग दिसला. पाचव्या आठवड्यात ओंडक्यावरील दोन कोंबांपैकी मोठ्या कोंबाचा शेंडा हातात आला. त्याला कुजल्याचा वास येत होता. आजींना तोंड कसे दाखवावे, हा प्रश्न पडला.

उत्तर पुस्तकातून आले नाही. निपाणीकडून सासरी आलेली आमच्या परिसरातील एक माता वर्षानुवर्षे विड्या वळीत आली आहे. ख्रिस्तमंदिर झाडावयास ती आली असता तिने तो कोंब पाहिला आणि म्हणाली : "फादर, टेंभुर्णीचं पान लई भिजलं की काळं पडतंय, कोरडं राहिलं की कात्रीखाली मोडतंय. आम्ही पान बुडवून निथळतो, आणि रातभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतो. पाणी पानात नगं, पानाच्या भवतीनं पायजे."

निपाणी भागातील तंबाखूचे शेतकरीही हेच जाणतात. वाळलेला पाला ते पहाटे, दवाने मऊ झालेला असतानाच हाताळतात. दुपारी त्याला हात लावला तर त्याचा चुरा होतो. पाल्यावर पाणी ओतण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. ज्या गोष्टीवर ह्या मुलखातील हजारो घरांची चूल पेटत आली, ती आमच्या ध्यानात यावयास एक कोंब कुजावा लागला.

आता ह्या 'भवतीच्या' पाण्याचा विचार करू. हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते, पण ती किती मावेल हे हवेच्या उष्णतेवर अवलंबून असते. हवा ही जणू एक ताणली जाणारी पखाल आहे. ऊन लागले की ती मोठी होते. २० अंश उष्णतामान असताना एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम वाफ मावते. ३५ अंशांस सुमारे ४० ग्रॅम मावते. पहाटे २० अंशांस पखाल नव्वद टक्के भरलेली असेल, आणि तीच हवा दुपारी ३५ अंशांपर्यंत तापली, तर आतील पाणी तेवढेच राहूनही पखाल चाळीस टक्केही भरलेली राहत नाही. ह्या भरलेपणाच्या प्रमाणाला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. पखाल जेवढी रिकामी, तेवढी ती तहानलेली. ती माठातून, ओल्या लुगड्यातून, आपल्या ओठांतून आणि झाडाच्या पानांतून पाणी ओढून घेते. मुळे देतात त्याहून अधिक पाणी हवेने ओढले की कुंडीतील माती ओली असूनही झाड सुकते.

आणि येथेच आजींच्या झाडाचे दुखणे स्पष्ट होते. आपल्या गावाजवळून वाहणारी हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम पावते, आजरा व गडहिंग्लज ह्या भागांतून इकडे येते आणि पुढे घटप्रभेस मिळते. आंबोली येथून ७०-८० किलोमीटरच आहे. परंतु तेथे वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि आपण घाटाच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे आपल्या वाट्यास त्याचा लहानसा अंश येतो. नदी एकच, पण हवा दोन. वाचकांनी हेही लक्षात घ्यावे की जानेवारी ते एप्रिल आंबोलीतही पाऊस जवळजवळ नसतो. तरी तेथील अमरी जगते, कारण झाडांची सावली असते, खालच्या कोकणातून ओलसर वारा चढून येतो, आणि रात्री धुके व दव पडते.

ह्या झाडाची रचनाही त्या रात्रींसाठीच आहे. त्याच्या मुळांवर मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. पाणी लागताच ते शोषून घेते आणि मूळ हिरवे दिसू लागते. वाळले की पुन्हा रुपेरी पांढरे होते. शिवाय जाड पानांच्या अनेक अमरी पानांची सूक्ष्म छिद्रे दिवसा मिटून घेतात व रात्री उघडतात, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडून जात नाही. तेव्हा रात्रीची हवा कोरडी असेल तर झाडाची फार हानी होते. मात्र रात्री पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिले तर बुरशी धरते. रात्री हवा ओली हवी, पान कोरडे हवे. आम्ही नेमके ह्याच्या उलट केले होते.

उपाय करण्यापूर्वी मोजावे, हा पहिला धडा. आर्द्रता दाखविणारे छोटे यंत्र आता बाजारात सहज मिळते. ते नसेल तर खोलीचे उष्णतामान दाखविणारे दोन सारखे तापमापक शेजारी शेजारी टांगावे. (ताप पाहण्याचा तापमापक ह्या कामास चालत नाही.) एकाच्या गोळीभोवती मलमलीची चिंधी गुंडाळून तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे व पंख्याने वारा घालावा. दोहोंतील अंतर जेवढे अधिक, तेवढी हवा कोरडी. कोरडा ३० अंश व ओला २२ अंश दाखवीत असेल तर आर्द्रता सुमारे ५० टक्के समजावी. ओला २६ दाखवील तर सुमारे ७३ टक्के. सीतेच्या वेणीस ५० ते ७० टक्के पुष्कळ झाली. आणि काहीच साधन नसेल तर घरातील माठ आहेच. माठाचे पाणी गार होते ते त्यातून झिरपणारे पाणी उडून जाते म्हणून. जेव्हा माठ उत्तम गार होतो तेव्हा झाडाच्या भोवती ओल हवी. आषाढात माठ गार होईनासा झाला आणि मिठाला पाणी सुटले की सारे उपाय थांबवावे.

आता उपाय. प्रथम जागा. पडवीची पूर्व बाजू उत्तम; सकाळी नऊपर्यंतचे कोवळे ऊन मिळावे, नंतर गाळीव प्रकाश. पश्चिमेचा तापलेला वारा, विजेचा पंखा व वातानुकूलन यंत्र ह्यांच्या झोतात झाड टांगू नये.

दुसरा उपाय गोणपाटाचा. ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूस, झाडापासून हातभर अंतरावर, गोणपाट टांगावे. खालचे टोक पाण्याच्या घमेल्यात सोडावे व सकाळ-संध्याकाळ वरून पाणी शिंपडावे. त्यातून येणारा वारा गार व ओला होऊन झाडाकडे जातो, आणि पान मात्र कोरडे राहते. वाळ्याचा पडदा असेल तर अधिक चांगले. घमेल्यातील पाणी दर तीन-चार दिवसांनी ओतून घमेले घासावे. तसे न केल्यास फुलाऐवजी डासांची पैदास होईल आणि घरात डेंग्यू येईल.

तिसरा उपाय ताटाचा. रुंद ताटात खडी पसरून खडीच्या पातळीखाली राहील एवढे पाणी घालावे व वर कुंडी ठेवावी. कुंडीचा तळ पाण्यास लागू देऊ नये. तथापि ह्या उपायाकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्याने ताटाच्या वर वीतभर हवेत थोडा फरक पडतो. खोलीची हवा बदलत नाही. पिचकारीचेही तसेच. तिचा परिणाम काही मिनिटे टिकतो. ह्याहून झाडांचा शेजार बरा. नेचे, अळू, पानवेल अशा झाडांच्या घोळक्यात टांगलेल्या झाडास शेजाऱ्यांच्या पानांतून सुटलेली वाफ मिळते.

मुळांचे पाणी निराळे. ते सकाळीच द्यावे. मुळे रुपेरी दिसली तर ओंडका पाण्यात बुडवून ती हिरवी होईपर्यंत ठेवावा. हिरवी असली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. संध्याकाळपर्यंत मुळे वाळली पाहिजेत. आपल्या काळ्या रानातील कूपनलिकांचे पाणी पुष्कळ ठिकाणी क्षारयुक्त असते. त्याचा पांढरा थर मुळांवर बसतो. ह्यास्तव पावसाचे पाणी झाकलेल्या पिंपात धरून ठेवावे. कुंडीत लावावयाचे असेल तर माती घालू नये. कोळसा व कौलांचे तुकडे घालावे. पावसाळ्यात झाड जेथे वारा खेळतो तेथे न्यावे. थंडीत पाणी कमी करावे, पण अगदी तोडू नये.

ह्या सर्वांवरची एक अट मात्र विसरू नये : हवा ओली असावी, पण कोंडलेली नसावी. आमचा कोंब ओलाव्याने मेला नाही; बंद खिडकीने मेला. ह्यात आम्हांस थोडा दिलासा एवढाच की हीच चूक आमच्या आधी मोठमोठ्यांनी केली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातील श्रीमंतांना उष्ण देशांतील अमरींचा छंद जडला. ते त्यांना तापविलेल्या, दमट आणि बंद काचघरांत कोंडीत, व त्यांतील बहुतेक मरत. १८३० नंतरच्या दशकात जोसेफ पॅक्स्टन ह्या माळ्याने चॅट्सवर्थ येथे खिडक्या उघडून वारा खेळता ठेवला, उष्णता कमी केली, जमिनीवर पाणी शिंपडून ओल राखली, आणि झाडे जगू लागली. त्याच सुमारास नॅथॅनिएल वॉर्ड ह्या लंडनच्या डॉक्टरने १८२९ मध्ये झाकणाच्या काचेच्या बाटलीत ओल्या मातीवर एका पतंगाचा कोश ठेवला होता. त्या मातीत नेचा उगवला आणि वरून पाण्याचा थेंबही न घालता जवळजवळ चार वर्षे जगला. कारण मातीतून उठलेली वाफ काचेवर जमून पुन्हा मातीतच उतरत होती. ह्यावरून त्याने बंद काचपेट्या बनविल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून इंग्लंडातील झाडे कित्येक महिन्यांचा समुद्रप्रवास करून सिडनीस जिवंत पोहोचली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आणली तीही अशाच पेट्यांतून. खारा वारा व ऊन ह्यांनी जहाजांवर झाडे मरत, ती केवळ भोवतीची हवा राखल्याने वाचली. मात्र बंद पेटी नेच्यांना व प्रवासाला ठीक. ऊन लागणाऱ्या अमरीस ती भट्टी होईल.

आता घरातील माणसांविषयी. आम्ही ही युक्ती आजींना कळविली, तेव्हा त्यांनी उत्साहाने आपल्या निजण्याच्या खोलीतच ओली गोणपाटे टांगली, ओंडका परत येण्याआधीच. आठ दिवसांत भिंतीवर बुरशीचे ठिपके उमटले आणि आजींचा जुना दमा उसळला. सूनबाई रागावल्या, आणि त्यांचा राग रास्त होता. "आत्तीचा जीव मोठा की त्या फुलाचा?" असे त्यांनी आम्हांस तोंडावर विचारले. घरातील आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर सतत राहिली तर बुरशी व धुळीतील सूक्ष्म किडे वाढतात, आणि दमेकऱ्यांस त्यांचा त्रास होतो. तेव्हा झाडासाठी खोली ओली करू नये. झाडापुरता कोपरा ओला करावा, आणि तोही घराबाहेर, पडवीत. ज्या घरात दमेकरी वा तान्हे मूल आहे तेथे हा नियम कधीही मोडू नये. आम्ही सूनबाईंची क्षमा मागितली व गोणपाटे त्यांच्या घरामागच्या मोरीजवळच्या पडवीत हलविली. तेथे धुण्याभांड्यांमुळे ओल असतेच.

आणखी एक विनंती. हे वाचून कोणी रानात जाऊन झाडांवरील वेण्या ओरबाडून आणू नयेत. अमरीचे बी धुळीसारखे बारीक असते, त्याच्या पोटात अन्नाची शिदोरी नसते. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजते. म्हणून रानातील एक झाड गेले की त्याची जागा भरावयास फार काळ लागतो. १९७३ च्या वॉशिंग्टन कराराच्या याद्यांत आज अमरीचे सगळे कुळ समाविष्ट आहे. रोपवाटिकांत वाढविलेल्या अमरी विकत मिळतात, त्या आणाव्या. आणि आपल्या बांधावरचे झाड पडले तर त्यावरची वेणी आजींच्या घरधन्यांप्रमाणे जरूर वाचवावी.

उरलेला लहान कोंब आम्ही सॅक्रिस्तीतून काढून आमच्या पूर्वेच्या पडवीत, गोणपाटाच्या आडोशाला टांगला. कुजलेला भाग धारदार पात्याने कापून त्यावर दालचिनीची पूड लावली. पिचकारी कपाटात ठेवून दिली. आजींना खरे काय ते सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "धाकटा हाय न्हवं अजून?" एका पावसाळ्यानंतर त्याच्या बुडातून नवे मूळ निघाले. त्याचे टोक हिरवेगार होते. पुढच्या उन्हाळ्यात झाड सूनबाईंच्या पडवीत गेले. गोणपाटावर संध्याकाळचे पाणी शिंपडण्याचे काम कोणी सांगितले नसता त्यांनीच आपल्याकडे घेतले.

गेल्या जूनमध्ये घरधन्यांचा वर्षदिन आला, मिस्सा झाला, आणि वेणी फुलली नव्हती. आजी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर अकराव्या दिवशी घोस उमलला. आंबोलीच्या मानाने तो आखूड होता, वीतभरच. रविवारी मुलाने आजींना वाडीवर न्यावयाचे ठरविले. निघण्यापूर्वी सूनबाईंनी तो घोस प्रवासासाठी बांधला. आम्ही तेथेच उभे होतो, पण आम्हांस काही सांगावे लागले नाही. त्यांनी फुलांभोवती कोरडे केळीचे पान गुंडाळले आणि ओले फडके त्या पानाच्या बाहेरून लावले.